सुईला नाव विचारणारी

वांगणीच्या पाड्यावर फागी नागलीच्या भाकरी थापत होती. आत गोधडीत तिची चार वर्षांची गंगी खोकत होती. घरोघर सर्दी-तापाची साथ होती. बाहेर मोटारसायकल वाजली तशी सासू कोंडी उठली.

"डाक्तर आला. पोरीला घे."

हा डॉक्टर कुठे शिकला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कसलाही आजार असो, तो सुई टोचायचा आणि पुडीत चार रंगांच्या गोळ्या बांधून द्यायचा. सुई देत नाही तो डॉक्टरच नव्हे, अशी पाड्याची समजूत. गेल्या थंडीत फागीचा सासरा सोम्या तापात त्याच्याच गोळ्या आठ दिवस उपाशीपोटी खात राहिला. नवव्या दिवशी रक्ताची उलटी झाली, आणि मोखाड्याच्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला. "उपाशीपोटी अंगदुखीच्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होतो. या पुडीत त्या किती होत्या?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा फागीला सांगता आलं नव्हतं. पाडा म्हणाला, त्याचे दिवस भरले होते.

आताही घरात येऊन डॉक्टरने सुई भरली. फागीने गंगीला मागे घेतलं.

"नाव काय या औषधाचं?"

तो हसला. "नाव कळून काय करशील? तापाचं आहे."

"आमचा म्हातारा पण तापाचंच खात व्हता. कागदावर लिहा, खाली सही करा."

"फागे, गप," नवरा मंगळू म्हणाला. "पोरीला काय झालं तं?"

"म्हणून तं इचारते."

डॉक्टरने पिशवी आवळली आणि निघून गेला. कोंडी कपाळ धरून बसली. भीती फागीलाही होतीच. तिने पोरीला कडेवर घेतलं आणि दोन तास चालत उपकेंद्र गाठलं.

नर्स रंजनाताईंनी वजन केलं, श्वास मोजला. "विषाणूचा ताप आहे, सुई नको. ही पॅरासिटामोल वजनाप्रमाणे एवढीच, सहा तासांच्या आत परत नाही. लेकराला अ‍ॅस्पिरिन कधीच नाही. पेज-पाणी पाजत राहा. श्वास धापेचा झाला, छाती आत ओढू लागली, तर तशीच उचलून आण."

चौथ्या दिवशी गंगी अंगणात खेळू लागली. कोंडी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"म्हाताऱ्याला आधीच तिकडं नेला असता तं?"

फागी खोटं बोलली नाही. "वाचला असता, असं वाटतं."

पुढच्या आठवड्यात मोटारसायकल शेजारच्या काळीच्या घराकडे वळली, तेव्हा कोंडी वाटेत जाऊन उभी राहिली. तिच्या म्हाताऱ्या हातात काहीच नव्हतं.

"माझा माणूस गेला तुझ्या गोळ्यांनी. परत जा."

त्याने हॉर्न वाजवला. कोंडी हलली नाही. फागी तिच्या शेजारी आली. मग तापलेलं लेकरू खांद्यावर घेऊन काळीही त्या दोघींच्या बाजूला येऊन उभी राहिली.