नव्या बॅटरीचं कुंकू

आमच्या वसईच्या केळीच्या वाडीत भाची क्षितिजाचा ड्रोन नुसता घुमत होता, उठत नव्हता.

"मोटर्स नव्या आहेत, मावशी. एका व्होल्टमागे मिनिटाला चारशेच फेरे, पण ताकद दांडगी."

"आणि बॅटरी?"

"जुनीच, अकरा व्होल्टची. नव्या बावीसवालीची पूजा व्हायचीय ना!"

माझं डोकं फिरलं. "अगं, व्होल्ट निम्मे म्हणजे फेरेही निम्मे! व्होल्टेज पडलं की विहिरीवरचा पंप तरी पाणी चढवतो का?"

मीच नव्या बॅटरीला कुंकू लावलं. तिने ती जोडली आणि मघासारखाच पूर्ण जोर दिला. ड्रोन सुटला तो थेट माडाच्या शेंड्यात जाऊन अडकला.

मी नारळ उतरवणाऱ्या रामचंद्रला फोन लावला. "आजच ये बाबा. एका नारळाला पंख फुटलेत."