ऑक्टोबरनंतरचे आकडे

"ऑक्टोबरनंतरचे आकडे आम्ही विचारात घेतलेले नाहीत," क्षितिज प्रधान कौन्सिलच्या प्लॅनिंग कमिटीसमोर इंग्रजीत म्हणाला. "यंत्र घरगुती होतं, आणि ते हाताळणाऱ्या व्हॉलंटियरला कसलंही प्रशिक्षण नव्हतं."

ती व्हॉलंटियर तिसऱ्या रांगेत बसली होती. शैला गुप्ते, वय सदुसष्ट, लीड्सच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं लोकांची रक्तं आणि लघव्या तपासून रिटायर झालेली. तिला आधी वाटलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. तिने चक्क मागे वळून पाहिलं. मागे एक म्हातारे गृहस्थ पेंगत होते. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि कान तापले.

खरं तर ती मिरवायला आली होती. ठेवणीतला कोट घालून, दोन बस बदलून. सभेत तीन मिनिटं बोलायला मिळतं म्हणून आठ दिवसांपूर्वीच तिने नाव नोंदवलं होतं, क्षितिजच्या कामाची तारीफ करायला. त्याला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

क्षितिज हा सुलक्षणाचा मुलगा. सुलक्षणा त्याच हॉस्पिटलात डॉक्टर होती. तिच्या ड्युट्या संपता संपत नसत, म्हणून पोराला वरणभात भरवला शैलाने, शाळेतून आणलं शैलाने, कांजिण्यांत कॅलामाइन लावलं तेही शैलानेच. आता सुलक्षणा बर्मिंगहॅमला राहत होती आणि चौतीस वर्षांचा क्षितिज एका खासगी कंपनीत आर्किऑलॉजिस्ट होता. कुठे घरं बांधायची असली की बिल्डरच्या खर्चाने जमिनीखाली काही जुनं आहे का ते आधी तपासायचं, हे त्या कंपनीचं काम.

यावेळी सापडलं होतं ते भलतंच जुनं. गावाबाहेरच्या शेताच्या कोपऱ्यात एक झरा, आणि झऱ्याभोवती चार हजार वर्षांपूर्वी रोवलेले ओकचे खांब, गोल मांडलेले. त्यानंतर दोन हजार वर्षांनी रोमन आले. त्यांनी चिखलातून वर आलेली खांबांची काळी डोकी पाहिली, कुणाची ते त्यांना माहीत नव्हतं, पण तिथेच दगडी कठडा बांधला, नाणी वाहिली, आपला देव बसवला.

"आपल्याकडे नाही का, शेंदूर फासलेल्या दगडावर नवं देऊळ उठतं," शैला म्हणाली होती.

"Exactly, मावशी! मोडलं नाही, वापरलं. हे मला फार आवडतं." तेव्हा त्याचे डोळे पहिल्या टर्मच्या पोरासारखे चमकत होते. "पण लाकूड टिकलंय कशामुळे, तर तिथलं पाणी. त्यात खताचं नायट्रेट उतरलं तर खांब सडणार. रोज टेस्ट करायला पाहिजे, आणि कंपनीचा मशीन नाहीये. तू काहीतरी कर ना गं."

तू काहीतरी कर ना. एवढ्यावर बाई विरघळली. एका प्लास्टिकच्या डब्यात तिने माशांच्या टाकीचे चार छोटे पंप बसवले, एक LED दिवा, रंग मोजणारा सेन्सर आणि पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर. पंप आपोआप पाणी ओढायचे, त्यात औषध मिसळायचे. नायट्रेट जितकं जास्त तितका गुलाबी रंग गडद. असलं यंत्र विकत घ्यायचं तर मोटारीएवढी किंमत. हिचं उभं राहिलं पावसाळी बुटांच्या जोडीच्या किमतीत. आणि लॅबची शिस्त अशी अंगात मुरलेली की झऱ्याच्या पाण्याआधी रोज माहीत असलेल्या ताकदीचं द्रावण, म्हणजे कंट्रोल, चालवायचं, ते बरोबर आलं तरच पुढचा आकडा लिहायचा, खाली आपली आद्याक्षरं.

ऑक्टोबरात बिल्डरने शेतात पाणी काढून द्यायला चर खणले, आणि वरच्या शेतांतलं खताचं पाणी झऱ्याकडे वळलं. गुलाबी रंग चढू लागला. शैलाने फोन केला, "अरे, आकडा दुप्पट झालाय. कंट्रोल परफेक्ट आहे. खांब बाहेर काढायला हवेत." तो म्हणाला, "बघतो, मावशी." खांब जागीच मातीखाली झाकून घरं बांधायचा बेत होता; ते काढायचे म्हणजे बांधकाम वर्षभर पुढे ढकलायचं, हे तिला ठाऊक होतं. पण तो बघतो म्हणाला होता ना. सुलक्षणाचा मुलगा बघतो म्हणाला की शैलाच्या लेखी काम झालं.

"मिसेस गुप्ते?" अध्यक्षबाईंनी नाव पुकारलं. क्षितिज गर्रकन वळला. ती आली आहे हे त्याला तेव्हा कळलं.

शैला उभी राहिली. तारीफ लिहिलेला कागद तिने तसाच पर्समध्ये राहू दिला. "ते आकडे बरोबर आहेत," ती इंग्रजीत म्हणाली. "एकूण एक. मी रोज कंट्रोल चालवलंय. झऱ्याचं पाणी बिघडलंय. आता वर माती टाकलीत तर ते खांब खाली सडतील."

"आपलं या विषयातलं शिक्षण?"

"एकतीस वर्षं हॉस्पिटल लॅब."

अध्यक्षबाईंनी समोरची फाइल चाळली, मग अवघडून एक कागद वर धरला. व्हॉलंटियरचा फॉर्म. 'संबंधित प्रशिक्षण' या रकान्यात क्षितिजच्या अक्षरात लिहिलं होतं, 'काही नाही'. "ही सही आपलीच ना?"

उन्हाळ्यात, गाडीच्या बॉनेटवर तो फॉर्म त्याने पुढे केला होता. "इन्शुरन्ससाठी आहे गं, फक्त सही." दुसऱ्या कुणी दिलेला कागद तिने दोनदा वाचला असता. तिच्या हाताखालच्या मुली तर चेष्टा करायच्या, मॅडम कॅन्टीनचं मेन्यूकार्डही तपासून सही करतील. पण घरच्या पोराने दिलेला कागद कुठे कुणी वाचतं?

"सही माझीच आहे," शैला म्हणाली आणि खाली बसली. खोटं तिला कधी जमलंच नाही. बांधकामाला परवानगी मिळाली, सात विरुद्ध दोन.

कॉरिडॉरमध्ये तो धावत मागे आला. "मावशी, ऐक ना. Training लिहिलं असतं तर त्यांनी वीस पेपर्स मागितले असते. मी तेव्हा काही प्लॅन नाही केला होता, promise. पण नंतर बॉस म्हणाली, आकडे बाहेर काढ, आणि मग तो फॉर्म दिसला. माझा नोकरी गेली असती गं. घराचं सगळं नुकतंच–"

"मला विचारलं असतंस तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो," शैला म्हणाली. "नाहीच म्हणाले असते."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, हे तिला आज कळलं. धार लागतसुद्धा नाही. आणि कापणाऱ्याला हाताने घास भरवलेला असतो.

सोमवारी ती आपला डबा काढून न्यायला शेतावर गेली. खांब झाकायचं काम सुरू झालं होतं. निम्मे मातीखाली गेले होते. माती लोटणाऱ्या डिगरवाल्याने "Morning, love" म्हणून इंजिन बंद केलं. शैलाने पंपांच्या नळ्या सोडवल्या, मग कठड्याजवळच्या खांबाला सहज बोट लावलं. जूनमध्ये याच लाकडावर नखाचा ओरखडा उठत नव्हता. आता शिजलेल्या सुरणात जावं तसं बोट आत गेलं.

क्षितिज पलीकडेच उभा होता. बोटाबरोबर निघालेला काळा गोळा तिने त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने अंगठ्याने दाबला, पुन्हा दाबला. तो शिकलेला होता. त्याला सांगायची गरज नव्हती. मग हात पँटला पुसला आणि डिगरवाल्याला खूण केली.

इंजिन सुरू झालं. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, आईला सांगू नकोस, please."

चार हजार वर्षं उभं असलेलं लाकूड मातीत चाललं होतं, आणि या मुलाला भीती होती ती आईची. शैलाला एक क्षण त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, खरंच वाटली. "सांगणार नाही," ती म्हणाली. डबा पिशवीत घालून ती चिखलातून रस्त्यापर्यंत चालत गेली. तो सोडायला येतो म्हणाला, तिने नको म्हटलं.

बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय कबूल करून बसलो. अडतीस वर्षं सुलक्षणाशी रोज बोलणं होतं. भाजी काय केलीस इथपासून आपण मेल्यावर साड्या कुणाला द्यायच्या इथपर्यंत. आता तिला खरं सांगायचं तर तिचा मुलगा तिच्या मनातून उतरणार. आणि खोटं सांगायचं तर ती आवाजावरूनच ओळखणार.

फोन वाजला. सुलक्षणाच. क्षितिजला परवानगी मिळाल्याचं कळलं असणार, म्हणजे पेढे कोणते आणायचे इथूनच सुरुवात.

पुढच्या सीटवरच्या बाईने मान वळवून पाहिलं. "Sorry," शैला म्हणाली. तिने फोन मांडीवर पालथा घातला, वर दोन्ही हात ठेवले आणि तो थांबेपर्यंत तशीच बसून राहिली.