संत जड झाला तो चढ

मित्रांनो, माझ्या मागच्या बाकावर एक कोंबडी अंड्यांवर बसली आहे, म्हणून जरा हळूच बोलते. मी एक जुनी बस आहे. सान मातेओ गावच्या चर्चमागे, कुंपणाला लागून उभी असते. कपाळावर रंगवलेलं ‘लाडकी’ हे माझं नाव आता कोणाला नीट वाचताही येत नाही.

माझा जन्म पुएब्ला शहरातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझे पत्रे ठोकले, बाकांना हिरवं रेक्झिन चढवलं. नाबोर ड्रायव्हरने मला गावात आणलं, त्या दिवशी पाद्रीबाबांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं आणि बायकांनी आरशाला झेंडूच्या माळा बांधल्या. मी तेव्हा चांगलीच तोऱ्यात होते. पुढे वर्षानुवर्षं मी मक्याची पोती, टर्की, बाळंतिणी आणि बँडवाल्यांचे ढोल वाहिले. आसपासच्या गावांत कुठे ना कुठे संताचा सण असायचाच, आणि सणाला जायचं तर माझ्याशिवाय दुसरी सोय नव्हती.

पण माझा खरा मान ऑक्टोबरात असे. आमच्या गावचा संत मातेओ आणि डोंगरापलीकडच्या गावची संत उर्सुला हे भाऊबहीण. कसे आणि कधीपासून, ते विचारू नका. आमच्याकडे कोणी विचारत नाही. बहिणीच्या सणाला भावाने जायचंच. नव्या झग्यातली मातेओची लाकडी मूर्ती माझ्या पहिल्या बाकावर, खिडकीशी बसायची. तिकडे पोहोचलं की दोन्ही गावांचे त्या वर्षीचे मानकरी संतांसमोर एकमेकांना मिठी मारायचे. मग आतषबाजीचे बाण उडायचे आणि मिरवणूक निघायची.

एका वर्षी आमच्या गावचा मान एलोदियाकडे आला. पलीकडच्या गावचा मान होता सेनोबिओकडे, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाकडे. आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांची आई वारली तेव्हा पावसाने घाट बंद पडला होता. एलोदिया चिखल तुडवत पायी माहेरी पोहोचली, तर आईला आदल्या दिवशीच माती दिलेली. “एक दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं?” एवढंच ती भावाला म्हणाली आणि आल्या पावली परत फिरली. त्यानंतर तिने माहेरची वाट सोडली.

सणाच्या दिवशी मी घाट चढू लागले तेव्हा आत धुपाचा आणि झेंडूचा वास कोंदला होता. एलोदिया मूर्तीला धरून बसली होती. तिच्यामागे संताचे झगे शिवणारी म्हातारी तिमोतेआ होती. तिने पुढे वाकून विचारलं, “काय गं, सेनोबिओला मिठी कोण मारणार?”

“माझा नवरा मारेल. मी संताला धरून उभी राहीन.”

“वा! मान तुझा आणि मिठी नवऱ्याची. मग तुझ्या वाटचं जेवणही त्यालाच वाढू दे.”

सगळे हसले. एलोदिया खिडकीबाहेर पाहत राहिली.

घाटाच्या मध्यावर माझा घसा कोरडा पडला. माझं रेडिएटर तेव्हाच म्हातारं झालं होतं, चढाआधी त्यात पाणी घालावं लागे. पण सकाळी माझ्या तोंडावर फुलं बांधायच्या गडबडीत नाबोर ते साफ विसरला होता. मी दोन आचके दिले आणि थांबले.

आत सगळ्यांनी आधी मूर्तीकडे पाहिलं. संताला एखाद्या ठिकाणी जायचं नसलं की तो जड होतो, मग चार गडी लावले तरी हलत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

“मातेओ जड झालाय,” तिमोतेआ म्हणाली. “कोणाच्या तरी मनात अढी आहे. त्याला बहिणीकडे जाववत नाही.” तिने नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या नजरा एलोदियाकडे वळल्या.

नाबोर उतरला आणि त्याने बॉनेट उघडलं. बॉनेट वर गेलं की मला पुढचं काही दिसत नाही. एलोदिया उतरली एवढं पायरीवर कळलं. बराच वेळ गेला. माझं अंग निवलं, तेव्हा कुठे फुलांच्या बादलीतलं पाणी माझ्या घशाखाली उतरलं.

मग एलोदिया दारात येऊन उभी राहिली. “माझ्यामुळेच जड झालाय तो,” ती म्हणाली. “सेनोबिओला मी स्वतः भेटेन. तुमच्या सगळ्यांच्या देखत सांगते.”

नाबोरने किल्ली फिरवली आणि मी सुरू झाले. लोकांनी छातीवर क्रूस काढले, काही बायका रडल्या. माझ्या रेडिएटरचं नाव कोणी काढलं नाही. थोडं वाईट वाटलं, पण मी चढत राहिले.

आम्हाला फार उशीर झाला होता. आपली वाट न पाहता मिरवणूक निघून गेली असेल, असं सगळे धरून चालले होते. पण चर्चच्या दारात संत उर्सुला तशीच उभी होती. तिची फुलं माना टाकून पडली होती आणि बँडवाले पायरीवर पेंगत होते.

“आला एकदाचा पाहुणा,” त्यातला एक म्हणाला. “या सेनोबिओने आम्हाला उन्हात वाळत घातलंय. पाद्रीबाबा सांगून दमले, पण हा मूर्तीला हात लावू देईना.”

सेनोबिओ हॅट काढून पुढे आला. तो खूप वाळला होता. एलोदियाने मूर्ती नवऱ्याच्या हातात दिली.

“आईच्या वेळी थांबलो नाही,” तो म्हणाला. “आज थांबलो.”

तिने त्याला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. बाण उडवायचेसुद्धा लोक विसरले. मला फार भरून आलं.

दुसऱ्या दिवशी परतताना बाकीचे पेंगत होते. नाबोर एलोदियाला हळूच म्हणाला, “ताई, माझं मन मला खातंय. काल संत जड झालाच नव्हता. मीच पाणी घालायला विसरलो होतो.”

“ठाऊक आहे. तू बादली ओतत होतास तेव्हा मी तुझ्या मागेच उभी होते.”

“मग सगळ्यांसमोर तसं का म्हणालात?”

“त्याच्याकडे जायला मला काहीतरी निमित्त हवं होतं, नाबोर. इतकी वर्षं मिळतच नव्हतं.”

मित्रांनो, आता त्या चढावर नवी गाडी धावते आणि संत मातेओ तिच्यातूनच जातो. माझी काही तक्रार नाही. फक्त एवढंच मागते, की जुन्या यंत्राला वेळेवर तेलपाणी द्या, त्याला कोपऱ्यात टाकू नका. आणि ज्याच्याशी बोलायचं राहून गेलं आहे, त्याच्याकडे आपणहून जा. नव्या गाड्या वाटेत बंद पडत नाहीत.