ह्युबर्ट अंकलचं बोट

नीरज स्वतःच लेखक आणि स्वतःच प्रकाशक. भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीतल्या वन बीएचकेत त्याचं 'पाणथळ प्रकाशन' चालायचं. बैठकीची खोली हे ऑफिस, पलंगाखालचा बॉक्स हे गोदाम, आणि गोदामात बहुतेक त्याचीच जुनी कादंबरी. ती खपली नाही यात चूक वाचकांची, असं त्याचं ठाम मत होतं.

क्लारा टीचर जवळच्याच उत्तन गावच्या. शाळेतून रिटायर झाल्यावर त्यांनी वडिलांच्या दर्यावरच्या आठवणी लिहून काढल्या आणि नीरजकडे आणल्या.

"सर, पप्पा नव्वदीचे होतायत. डोळे गेलेत. वाढदिवसाला पुस्तक त्यांच्या हातात पडलं पाहिजे, बाकी मला काय नको."

नीरजनं शब्द दिला. शब्द द्यायला त्याला कधीच जड जात नसे.

पुस्तक मशीनवर चढणार त्याच आठवड्यात त्याला एका पुरस्कारासाठी छापील पुस्तक पाठवायची शेवटची तारीख कळली. त्याची नवी कादंबरी तयारच होती. त्यानं उत्तमभाऊंचा भाईंदर पूर्वेचा छापखाना गाठला.

"उत्तमभाऊ, आधी माझी घ्या."

"आणि टीचरचं? फक्त कव्हर छापून झालंय."

"घरगुती आठवणी आहेत हो. थांबतील."

वाढदिवसाच्या प्रकाशन समारंभाच्या आदल्या दिवसापर्यंत टीचरच्या पुस्तकाचं एक पानही छापलं गेलं नव्हतं. आता हॉल ठरलेला, आमंत्रणं गेलेली. मग नीरजनं या धंद्यातली जुनी चलाखी केली. स्वतःच्या जुन्या कादंबरीच्या चार प्रती काढल्या, त्यांवर टीचरच्या पुस्तकाचं कव्हर चढवलं, वरून चकचकीत कागद आणि लाल रिबीन. फोटो झाला की प्रती गोळा करायच्या, कुणाला पत्ता लागणार नाही. टीचरना त्यानं काही सांगितलं नाही. सांगायला तोंडच नव्हतं.

चर्चच्या हॉलमध्ये अर्धं गाव लोटलं होतं. फादरनी रिबीन सोडली, मंचावरच्या चौघांनी पुस्तकं छातीशी धरली, फोटो निघाला. "द्या, मी ठेवतो," म्हणत नीरज हात पुढे करतो न करतो तोच टीचर आपली प्रत घेऊन खाली उतरल्या आणि त्यांनी पहिल्या रांगेत बसलेल्या वडिलांच्या, ह्युबर्ट अंकलच्या मांडीवर ती ठेवली.

अंकलनी कव्हरवरून हात फिरवला. पुस्तक नाकाशी नेऊन वास घेतला.

"क्लारा, माजं नाव कुठं हाय गं? त्याच्यावर माजं बोट ठेव."

टीचरनी पुस्तक उघडलं. एक पान उलटलं, मग दुसरं. मग मान वर करून नीरजकडे पाहिलं. त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण त्यांनी वडिलांचं बोट हातात घेतलं आणि एका ओळीवर टेकवलं.

"इथं हाय, पप्पा. 'भरती लागली की ह्युबर्ट होडी लोटायचा, आणि मागं वळून एकदा घराकडे बघायचा.'"

अंकलनी ते बोट तिथून उचललंच नाही.

"सर कुठं हायत?"

नीरज पुढे आला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं. अंकलनी चाचपडत त्याचा हात धरला आणि त्याचंही बोट त्याच ओळीवर ठेवलं.

"पुढचं तुमी वाचा, सर. तुमी छापलंय."

नीरजनं खाली पाहिलं. त्याच्या बोटाखाली त्याचाच नायक आपल्या एकटेपणावर बोलत होता. टीचरच्या पुस्तकातलं पुढचं वाक्य तो आठवू लागला. पुढचं नाही, तर कुठलंही. एकसुद्धा आठवेना. ते पुस्तक त्यानं धड वाचलंच नव्हतं. घरगुती आठवणी म्हणून नुसतं चाळून बाजूला ठेवलं होतं. अंकल कान देऊन बसले होते.

"पप्पा, सरांना नाय वाचता येणार," टीचर हळूच म्हणाल्या. "चष्मा घरी राहिलाय त्यांचा."

चष्मा नीरजच्या नाकावरच होता.