खिळे मारलेली खिडकी

बाहेर उन्हाने अंगाची लाही लाही होत होती आणि गारवाबाबांच्या दालनात म्हाताऱ्या बाया चक्क पदर लपेटून बसल्या होत्या. ना पंखा, ना यंत्र!

"हा माझा श्वास आहे!" बाबा गरजले. "बर्फात तप केलं, ते बर्फ पोटात घेऊन आलोय. कृपा घरी न्या, पण खिडक्या बंद ठेवा. फटीतून पळते ती!"

लोकांनी माना डोलावल्या. गार जागी बसलेल्या माणसाला काहीही पटतं.

दवाखान्यातल्या नर्सबाईला पटत नव्हतं. तिच्या नवऱ्याने बाबांचं ऐकून घरच्या खिडकीला खिळे ठोकले होते. वर पत्रा, आत कोंडलेली खोली. सासरे, अण्णा, त्याच खोलीत उष्माघाताने गेले. ती कामावरून परतली तेव्हा म्हाताऱ्याचं अंग तव्यासारखं तापलेलं होतं. "कुणीतरी दार उघडं ठेवलं, म्हणून कोप झाला," नवरा म्हणाला. आता ती कामावर गेली की पोर तिथेच झोपायची. दोन वर्षांची पोर कालपासून मलूल होती. नवरा खिळ्याला हात लावू देईना, उलट दोघींना इथे घेऊन आला.

बाबांमागचा पडदा सारखा आत फुगत होता. बाहेर तर पान हलत नव्हतं! उदबत्तीचा धूर सरळ वर जाऊन छताच्या कापडात नाहीसा होत होता. तिने पोर नवऱ्याकडे दिली, पुढे होऊन पडदा सारला. मागे भिंतीत जाळी. तिने बाबांचाच लोड उचलून जाळीत कोंबला.

"अगं बाई, पाप लागेल!" बाबा ओरडले.

"लागू दे. श्वास तुमच्या पोटात आहे ना? मग सोडा की."

आता बाबांना लोड काढा म्हणायची सोय उरली नाही. धूर खाली लोंबू लागला. एवढ्या माणसांच्या उबेने दालन कोंदलं, माना पुसल्या जाऊ लागल्या. बाबांच्या कपाळावरून ओघळ सुटले.

कुणीतरी छताचं कापड ओढलं. वर उंच धुराडं, त्यातून दिसणारं आभाळ.

"ही जुनी वखार," ती म्हणाली. "धुराडं उन्हाने तापतं, आतली गरम हवा वर ओढतं. तिच्या जागी या जाळीतून तळघराची गार हवा येते. हवेला खालून यायला नि वरून जायला वाट हवी. तुमच्या घरांत तीच वाट यांनी बंद करायला लावली!"

लोक बाबांवर धावून गेले. नवरा गेला नाही. तो दोघींना घेऊन घरी आला, पक्कड घेतली आणि एकेक खिळा उपसू लागला. शेवटच्या खिळ्याशी त्याचे हात थांबले.

"अण्णांना मीच मारलं का गं?"

"वर पत्र्याखाली बुजवलेली फटही उघड," ती एवढंच म्हणाली. "आणि पत्र्यावर ओली तरटं टाक."

लोकहो, बाबाला हाकललंत, छान केलंत. पण बाबा कुणाच्या घरी हातोडी घेऊन आला नव्हता. खिळे आपणच ठोकतो. हात जोडण्याआधी वारा कुठून येतो, एवढं तरी बघा.

खिडकी उघडली, पोरीच्या कपाळावरचे केस हलले. शेजारची अण्णांची खाट रिकामी होती.