रोल्लातल्या हॉलच्या दाराचं कुलूप

मी एक जुनं कुलूप बोलतोय, मित्रांनो. पेटीला लटकवतात तसलं नव्हे बरं का! शारजातल्या रोल्लात, एका जुन्या बिल्डिंगीत, हॉलच्या दारात सुताराने मला खाचून बसवलं. तेव्हा सगळे म्हणायचे, "काय मजबूत कुलूप आहे!" पुढे कोणी तेलाचा थेंब दिला नाही. दमट हवेने आतून गंजलो. दार नेईल तिकडे जायचं, किल्ली फिरवेल तसं फिरायचं, हाच माझा जन्म.

मग मुश्ताकचं कुटुंब राहायला आलं. मुश्ताक हमरिया फ्री झोनमध्ये सुपरवायझर, मूळचा दापोलीकडचा. मनाचा वाईट नाही, पण घरचा राजा तोच. दर जुम्म्याला नमाजनंतर हॉलमध्ये मशवरा बसे. मतं तीन. एक मुश्ताकचं, एक त्याच्या आईचं, म्हणजे मैमुनाबींचं, आणि बायको फिझा, मुलगी यम्ना, छोटा हम्माद या तिघांत मिळून एक. "मी सगळ्यांना विचारतो!" असं तो तोऱ्यात सांगायचा. तिघांचं मत दर वेळी हरायचं. दिवसभर राबणारी फिझा पोरांत मोजलेली! मला चीड यायची, पण कुलपाला कोण विचारतो?

एका जुम्म्याला तो म्हणाला, "तुम्ही सगळे गावी जा. मी इथे बेडस्पेस घेऊन, म्हणजे कुणाच्या खोलीत एक खाट भाड्याने घेऊन राहतो. पैसे वाचतील. खलास!" मैमुनाबींनी होकाराची मान डोलावली. निकाल लागला.

फिझा म्हणाली, "लग्नानंतर इतकी वर्षं गावी तुमची वाट बघत काढली. आता पोरांनीही तेच करायचं?"

यम्ना नववीत. तिला फ्रान्सचा धडा होता. ती उसळली, "अब्बा, धिस इज एक्झॅक्टली द एस्टेट्स जनरल!"

तिचं पाठांतर मी रोज ऐकत होतो. फ्रान्सच्या राजाच्या त्या सभेत पाद्र्यांचं एक मत, सरदारांचं एक, आणि उरलेल्या साऱ्या प्रजेचं मिळून एकच. पहिले दोघे एक झाले की प्रजा हरलीच. तीही सभा राजांनी पावणेदोनशे वर्षं बोलावली नव्हती. शेवटी बोलावली तेव्हा प्रजा म्हणाली, माणशी एक मत द्या. तर एका सकाळी सभागृहाची दारंच बंद! मग त्यांनी जवळच्या चेंडू खेळायच्या इमारतीत जमून शपथ घेतली, की आम्ही पांगणार नाही.

"शाळेत हेच शिकवतात?" मुश्ताक ओरडला. पुढच्या जुम्म्याला त्याने फक्त आईला हॉलमध्ये घेतलं, मला आतून लावलं आणि किल्ली खिशात टाकली. फार लाज वाटली हो मला.

बाहेर पॅसेजमध्ये तिघं फरशीवर बसली. यम्ना म्हणाली, "वी आर नॉट पॅकिंग."

"मीही बॅगा भरणार नाही," फिझा म्हणाली. हम्माद रडत होता. उघडावंसं किती वाटलं मला! पण मीच दारात कैद.

आत मैमुनाबी उठल्या. "मुश्ताक, किल्ली दे."

"अम्मी, आपलं ठरलंय ना?"

"तुझा बाप जहाजावर होता. तुला तो फक्त सुट्टीत दिसला. मी वाट बघत म्हातारी झाले. दे किल्ली!"

त्याने दिली, आणि त्यांनी ती माझ्यात घातली. मी गंजाने अडलो, मग सगळा जीव लावून फिरलो. मैमुनाबी बाहेर येऊन फिझाशेजारी फरशीवर बसल्या.

हॉलमध्ये मुश्ताक एकटा उरला. बऱ्याच वेळाने तो उंबऱ्याशी आला. "मला जागा आहे का रे?"

हम्माद सरकला.

"माणशी एक मत," यम्ना म्हणाली, या वेळी मराठीत. इथेच राहायचं म्हणून हात वर झाले. सगळ्यांत शेवटी मुश्ताकचा.

मित्रांनो, मला तेल द्या, नका देऊ. पण आतून मला लावण्याआधी, बाहेर कोण राहिलंय तेवढं बघा.