देव्हाऱ्यातला लढाईचा बिल्ला

मित्रांनो, मी गडमुडशिंगी गावातल्या एका देव्हाऱ्यातला जुना चांदीचा बिल्ला आहे. शंभर वर्षं हळदकुंकू सोसून थकलोय हो! माझ्यावरच्या मुखड्याचं नाक तर केव्हाच झिजून गेलं.

माझ्या जन्माचं मूळ दोन गोळ्यांत आहे. १९१४ साली दूरच्या सारायेवो शहरात गॅव्हरिलो प्रिन्सिप नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरानं ऑस्ट्रियाच्या युवराजाला आणि त्याच्या बायकोला गोळ्या घातल्या. आपला मुलूख परक्यांच्या हातून सुटावा, एवढंच त्याच्या डोक्यात. पण राजेलोक आधीच एकमेकांवर दात धरून होते. त्यांना निमित्त मिळालं. ऑस्ट्रिया सर्बियावर धावला, मग रशिया, जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड. आणि इंग्लंडनं फौजेत ओढला आमच्या ह्या घरातला केरबा! बिचाऱ्याला सारायेवो कुठं आहे हेही ठाऊक नव्हतं. समुद्रापलीकडं बसऱ्याला लढायला गेला तो गेलाच.

लढाई संपल्यावर त्याच्याऐवजी सरकारनं पाठवलेला मी घरी आलो. केरबाचा फोटो नव्हता. त्याच्या आईनं, चिमणाबाईनं, माझ्यावरचा मुखडा पाहिला, "माझा केरबा आला," म्हणाली आणि मला देवाच्या टाकांशेजारी बसवलं. पुढं सुनांनी तेच चालवलं. देव्हाऱ्यातलं कोण तपासतं?

यंदा दिवाळीला देव घासताना कॉलेजात शिकणाऱ्या क्रांतीनं मला उजेडात धरलं, मोबाइलवर शोधलं आणि आजीला, म्हणजे आक्काला, हाक मारली.

"आक्के, ह्यो केरबाआजा न्हाय. इंग्लंडचा राजा हाय!"

केरबा आक्काचा चुलतसासरा. तिनं मला हातात घेऊन निरखलं.

"म्हंजी ज्यानं आमचा माणूस न्हेला, त्येलाच जल्मभर कुंकू लावलं व्हय गं मी?" तिनं डोळ्यांना पदर लावला. "काढ त्येला हितनं. मोडीत घाल."

मला मोडीची भीती वाटली नाही, इतका थकलो होतो. पण घरात केरबाची दुसरी खूणच नव्हती. माझ्याबरोबर तोही वितळला असता, आणि त्याचं फार वाईट वाटलं.

क्रांती मला पुसून ठेवायला लागली. कडेवरचं जुनं कुंकू तिनं नखानं खरवडलं. खाली बारीक इंग्रजी अक्षरं निघाली.

"के... र... बा. आक्के, नाव हाय की त्येचं!"

आक्कानं कुंकवाचा करंडा पुढं ओढला. मग बोट कुंकवात बुडवून तिनं माझ्या कडेला टेकवलं.

"तोंड ऱ्हाऊ दे राजाचं. आमचं मामंजी हितं हायती."

मित्रांनो, त्या गोळ्या घालणाऱ्या पोराचं नाव तुमच्या पुस्तकात आहे, राजांची नावंही आहेत. केरबाचं नाव फक्त माझ्या कडेवर आहे, आणि कड झिजत चालली आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला कुंकू जरूर लावा. पण आधी पुसून नाव वाचा, आणि घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा.